पंचवीस वर्षांच्या आतलं लग्न

आमच्या कचेरीत माणसाला दरवर्षी एकदा आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागे. निजामाच्या फौजेतून पेन्शनीत आलेले एक हवालदार ठरल्या दिवशी येत आणि माझ्या टेबलासमोर टाचा जुळवून उभे राहत. मी कागद पुढे ओढून विचारी, "हवालदार, हयात आहात?" ते म्हणत, "हुकूम असंल तर हाय." मी शिक्का मारला की ते वर्षभर जगायला मोकळे होत.

मी बीडला सैनिकांच्या कल्याणाच्या जिल्हा कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि त्याच इमारतीतून निवृत्त झालो. बढत्या, रजा, निरोप समारंभ हे सगळ्यांचंच सारखं असतं, ते सांगत नाही. आमचं काम काय, तेवढं सांगतो. एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला पलटण, आणि दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही. गावात लग्न झालं हे सगळ्या गावाला माहीत असतं. पलटणीत मात्र ते 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या छापील हुकुमात आल्याशिवाय झालेलं नसतं. मूल जन्मलं, म्हातारी वारली, बायको केली, जे काही असेल ते त्या हुकुमात छापलं तर घडलं, नाही तर नाही. गावात घडलेलं पलटणीच्या कागदावर घडवून आणायचं, हे आमचं काम. त्यातलं एक प्रकरण मी आजही छाती थोडी पुढे काढून सांगतो.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. वडवणीकडच्या रस्त्यावर सरकारनं दुष्काळी काम काढलं होतं आणि अर्धा तालुका तिथं खडी फोडत होता. एका दुपारी कचेरीच्या ओसरीवर एक म्हातारा आणि त्याच्या मागे विशीतली एक बाई येऊन उभी राहिली. बाईच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"मी रामजी डोईफोडे," म्हातारा म्हणाला. "ही माझी सून, कौसा. हिचा मालक फौजेत हाय."

"कोणत्या हुद्द्यावर?"

"लेफ्टन."

मी मान वर केली. आमच्याकडे शिपाई, नाईक, फार तर सुभेदार यांची माणसं येत. अधिकाऱ्यांची पत्रं टपालानं येत, तीही इंग्रजीत. लेफ्टनंटची बायको वडवणीहून एसटीत उभी राहून येते आणि तिच्या बोटांना चिंध्या असतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिचा नवरा गंगाधर अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकत होता. चीनच्या लढाईनंतर फौजेला अधिकारी कमी पडले आणि शिकलेल्या पोरांना थोड्या वर्षांच्या कराराचं, आणीबाणीचं कमिशन देऊन भराभर भरती केलं गेलं. तशी सक्ती कुणी केली नव्हती. पण सगळं कॉलेज मैदानात रांगेनं उभं असताना 'मी येत नाही' म्हणून रांगेबाहेर पडणंही कुणाला सोपं नव्हतं. गंगाधर गेला, निवडला गेला, सेकंड लेफ्टनंट झाला. त्याआधी दोन वर्षं, एकोणिसाव्या वर्षीच, गावच्या रीतीप्रमाणे त्याचं लग्न झालेलं होतं.

कौसानं पदरातून दोन कागद काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिला दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरचा होता. पती लष्करात अधिकारी असल्यामुळे सदर महिलेस टंचाईच्या कामावर घेता येत नाही, असं त्यावर होतं. दुसरा गंगाधरच्या पलटणीचा. अधिकाऱ्याचं वय पंचवीस पूर्ण नसल्यामुळे त्यांना विवाहित समजता येत नाही, सबब लग्नाचा भत्ता देय नाही.

"ह्या कागदावर मी साहेबाची बायको हाय, म्हणून काम न्हाई," ती पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली. मग बोट दुसऱ्यावर नेलं. "ह्या कागदावर साहेबाला बायकोच न्हाई, म्हणून भत्ता न्हाई. तुमी कचेरीतले हाव. मी कोण हाय ते तुमी लिहून द्या."

"ते पाठवत नाहीत का घरी काही?"

"पाठवत्यात की," रामजीतात्या घाईनं म्हणाले. "पर तिकडं वर्दी, बूट, मेसचं जेवण, समदं पगारातनंच. आन् हितं आमी नऊ तोंडं. त्यात सोसायटीनं स्वस्त धान्याच्या यादीतनं नाव काढलं. चेरमन म्हनले, साहेबाच्या घराला कावून पायजे धान्य?"

मी वाचलेलं पुन्हा वाचलं. दोन्ही कागदांवर शिक्के होते, दोन्ही नियमाला धरून होते. पंचविशीचा नियम इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. तरुण अधिकाऱ्यानं आधी मेसमध्ये राहावं, हाताखालची माणसं ओळखावीत, संसार नंतर. म्हणून पंचविशीच्या आत लग्न केलं तर ते त्याचं खाजगी, सरकार त्याला क्वार्टर देणार नाही, भत्ता देणार नाही. ज्यांनी नियम केला त्यांच्या देशात कुणी एकोणिसाव्या वर्षी लग्न करत नसावं.

आमचे सचिव निवृत्त मेजर होते. मूळचे हैदराबादचे, बोलणं दखनी वळणाचं, शिस्त अशी की टाचणीसुद्धा कागदाच्या डाव्या कोपऱ्यातच लागली पाहिजे. मी त्या दोघांना त्यांच्यापुढे नेलं. मेजरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वाघमारे, कायदा बराबर है. जवान अफसर शादी करके बैठा तो पल्टन कौन संभालेगा? हमने भी पंचवीस के बाद ही किया."

कौसा खाली मान घालून उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुमचं तुमी केलं. आमचं आईबापानं केलं. मला इचारलं न्हाई, त्यांनाबी न्हाई. आता झालेलं लग्न पंचवीस होईस्तवर कुठं ठिवू?"

मेजरसाहेबांनी दोन्ही कागद हातात घेतले, एकावर एक ठेवले, पुन्हा वेगळे केले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोन्ही सरकारी कागद. दोन्ही सच्चे कैसे? एक तो झूठ बोल रहा है. अर्ज लिखो."

मी अर्ज लिहिला. इथं मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी तो आमच्या नेहमीच्या साच्यात लिहिला. अर्जदार नम्रपणे निवेदन करते की, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, कळावे. माझ्या अक्षराचा मला अभिमान होता आणि असे शेकडो अर्ज मी लिहिले होते. तो वर गेला आणि दिवाळी उलटून गेल्यावर परत आला. 'नियमात बसत नाही.' एका ओळीत.

उत्तर घेऊन मी त्यांच्या गावी गेलो तर घराला बाहेरून कडी. शेजारच्या बाईनं सांगितलं, "सासरा-सून कोयता घिऊन गेली टोळीबरोबर. ऊसतोडीला." सासू आणि बारकी पोरं मामाकडे होती. मी उत्तराचा कागद खिशात घालून परतलो.

त्याच हिवाळ्यात लेफ्टनंट गंगाधर डोईफोडे रजेवर आले. गावाहून तसेच कचेरीत आले, कारण घराला कडी बघून काय करावं हे त्यांना सुचेना. सावळा, उंच पोरगा. वर्दी अंगाला नीट बसलेली होती, पण खुर्ची पुढे केल्यावर बसावं की नाही, या विचारात तो जरा थांबला.

"आमची माणसं कोणत्या कारखान्यावर हायती, काही पत्ता?" त्यानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी त्याला सोसायटीच्या चेअरमनकडे जायला सांगितलं, कारण टोळ्यांचे मुकादम त्यांच्या ओळखीचे. चेअरमननी कारखान्याचं नाव सांगितलं. नदीकाठच्या मळ्यात पाचटात वाकलेल्या टोळीनं बांधावर वर्दीतला साहेब पाहिला आणि पोलीस आले समजून अर्धी माणसं उसात शिरली. कौसा तेवढी उभी राहिली. गंगाधरनं रजेचे उरलेले दिवस तिथंच काढले, पाचटाच्या कोपीत राहून, बायकोनं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधत. हे मला नंतर रामजीतात्यांनी सांगितलं. "लेफ्टन मोळी बांधीत हुता, मुकादम लई लाजला," असं म्हणून ते हसले होते. मला हसू आलं नाही. माझा पहिला अर्ज नीट असता तर ती बाई त्या मळ्यात नसती, हे माझ्या मनातून अजूनही गेलेलं नाही.

चैत्रात टोळ्या परतल्या. त्याच सुमारास तेलगावला कापसाच्या सहकारी जिनिंगसाठी सभासदांची सभा होती आणि दुष्काळाची पाहणी करत आलेले आमच्या भागाचे खासदार त्या सभेला थांबणार होते. सरकारी नोकरानं खासदाराकडे जाऊन गाऱ्हाणं घालणं वर्तणुकीच्या नियमात बसत नाही. नोकरी जाऊ शकते. माझ्या घरात पगार आणणारा पहिला माणूस मीच होतो. बापानं गावकीची कामं केली होती, कुणाच्या यादीत आमचं नाव कधी मानानं आलं नव्हतं. नोकरी घालवायची माझी तयारी नव्हती. यादीतून नाव कमी होणं म्हणजे काय, हे मात्र मला चांगलंच ठाऊक होतं.

मी कौसाला निरोप दिला, "सभेला या. मी मागे उभा असेन. बोलायचं तुम्हीच."

सभा सोसायटीच्या गोडाऊनपुढे होती. खासदार वकिली केलेले, बोलायला कोरडे. सभा संपता संपता कौसा पुढे गेली. चेअरमन मध्ये आले. "बाई, हे जिनिंगचं काम हाय, घरगुती गाऱ्हाणं न्हाई."

"मी सोसायटीला न्हाई, दिल्लीला बोलतीय," कौसा म्हणाली. लोक हसले, आणि त्या हसण्यात तिला वाट मिळाली.

तिनं दोन्ही कागद खासदारांच्या हातात दिले. त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला आणि ते मोठ्यानं हसले. मग पुन्हा वाचले आणि हसू थांबलं.

"तुमचं वय काय?"

"विसाच्या आसपास."

"कामावर नाही, धान्य नाही, भत्ता नाही. मग खाता काय?"

"ऊस तोडून आलो की. लेफ्टनच्या बायकोला कोयता चालतो, तेवढ्याला कुणी वय इचारलं न्हाई."

खासदारांनी कागदांची नक्कल मागितली आणि तिला सांगितलं, "आत्ता जे बोललात ते एका कागदावर उतरवून पाठवा. असंच. सुधारून नको."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली आणि सांगू लागली. माझा हात सवयीनं 'निवेदन' लिहायला गेला. मेजरसाहेब मागे उभे होते. ते म्हणाले, "वाघमारे, तेरा नक्को. उसका लिखो." मी तिचंच लिहिलं, हाय-न्हाई सकट. तिनं अंगठा उठवायला नकार दिला. ऊसतोडीत गंगाधरनं तिला नाव लिहायला शिकवलं होतं. 'कौसा' ही दोन अक्षरं काढायला तिला बराच वेळ लागला. आम्ही दोघंही थांबलो.

खासदारांनी अधिवेशनात प्रश्न विचारला. उत्तर आलं ते सरकारी उत्तरासारखंच होतं. पंचविशीच्या आत विवाहित असलेल्या अधिकाऱ्यांची संख्या नगण्य असून त्यांच्यासाठी नियम बदलण्याची आवश्यकता वाटत नाही. खासदारांनी कौसाला पत्र धाडलं की, एका बाईवर सरकार हलणार नाही, आणखी असतील तर दाखवा. आणि ही लग्नं कमिशनच्या आधीची आहेत, याला पुरावा लागेल.

'नगण्य' हा शब्द मेजरसाहेबांना झोंबला. मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मतलब गिनतीच नहीं किया. आपण करू." आणि त्यांनी सरळ मार्ग काढला. एका जिल्हा कचेरीनं दुसऱ्या जिल्हा कचेरीकडे माहिती मागवणं, यात गैर काही नव्हतं. मी राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या कचेरीला पत्र टाइप केलं. पंचविशीच्या आतले, कमिशनच्या आधी लग्न झालेले अधिकारी आपल्या जिल्ह्यात असल्यास कळवावे. कार्बन लावून एका वेळी चार प्रती निघत. पाचवी फिकी येई, ती मेजरसाहेब परत करत.

उत्तरं येऊ लागली. पहिलं साताऱ्याहून, मग कोल्हापूर, नगर, मग विदर्भातून. कुठं शाळामास्तरचा मुलगा, कुठं तलाठ्याचा, बहुतेक शेतकऱ्यांचे. गावातून पहिल्यांदाच कुणीतरी अधिकारी झालेलं आणि गावच्याच रीतीनं आधी बोहल्यावर चढलेलं. काही बायकांनी सोबत आपल्या हातानं चिठ्ठ्या जोडल्या होत्या. लाल फीत बांधता येईना इतका गठ्ठा झाला. मेजरसाहेब रोज सकाळी आले की आधी त्या गठ्ठ्यावर हात ठेवत आणि म्हणत, "नगण्य, सलाम."

पुराव्याचं कोडं मात्र सुटेना. आमच्याकडे लग्नाची सरकारी नोंद त्या काळी कोण करत होतं? पत्रिका छापलेली नव्हती, फोटो काढलेला नव्हता, लग्न लावलेले भटजी वारले होते. मी डोईफोड्यांच्या घरी जाऊन बसलो.

"लग्नातलं काहीच उरलं नाही का?" मी विचारलं.

"भांडी हुती," सासू म्हणाली. "दुष्काळात मोडीत गेली. एक घागर तेवढी ऱ्हाईली, पाण्याला लागती म्हणून."

मी घागर उजेडात नेली. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालतात, हे काही नवं नाही. पण आपण ते वाचत नाही. गळ्याजवळ टोचून काढलेली अक्षरं होती. 'चि. गंगाधर व चि. सौ. कां. कौसल्या यांचे विवाहानिमित्त, सेवा सहकारी सोसायटीकडून सप्रेम भेट', आणि खाली तिथी, महिना, साल. गंगाधरच्या कमिशनच्या दोन वर्षं आधीचं. मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं.

घागर घेऊन आम्ही सोसायटीत गेलो. चेअरमननी ती फिरवून पाहिली, अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मीच दिलतं," ते म्हणाले. "सोसायटीच्या सभासदाचा पोरगा पयला कॉलेजात गेला म्हणून. ठराव करून दिलतं."

"म्हणजे ठरावबुकात असेल," मी म्हणालो.

ठरावाचं पुस्तक निघालं. तारखेसह ठराव होता, सूचक-अनुमोदकांच्या सह्या होत्या. चेअरमन कौसाकडे न पाहता म्हणाले, "पोरी, नाव कमी केलं तवा वरून यादी कमी करा म्हणून आलतं. तुझं नाव सोपं वाटलं. चुकलं माझं." त्यांनी घागरीच्या पंचनाम्यावर सही केली, ठरावाची नक्कल शिक्का मारून दिली आणि त्याच दिवशी स्वस्त धान्याच्या यादीत नाव परत लिहिलं. आमचा पहिला विजय तो.

मी पुन्हा सगळ्या जिल्ह्यांना पत्रं टाकली. आहेराची भांडी पाहा, त्यांवरच्या तारखांचे पंचनामे करा. दोन-तीन महिने राज्यातले माझ्यासारखे कारकून गावोगाव हंडे-कळश्या उलटसुलट करत होते. एकानं मला लिहिलं, 'नोकरीत इतकं पितळ पाहिलं नव्हतं.' पंचनामे जोडलेला सगळा गठ्ठा कौसाच्या सहीनं खासदारांकडे दिल्लीला गेला.

हिवाळी अधिवेशनात त्यावर चर्चा झाली. छापील वृत्तांत खासदारांनी आमच्या पत्त्यावर पाठवला. इंग्रजीतला तो मजकूर मेजरसाहेबांनी खुर्ची ओसरीवर आणून वाचला आणि मी कौसाला आणि तात्यांना मराठीत सांगत गेलो.

एक सभासद म्हणाले होते, शिकलेला तरुण विसाव्या वर्षी लग्न करतो हीच शरमेची गोष्ट, त्याला सरकारनं बक्षीस का द्यावं? एका महिला सभासदानंही तसंच म्हटलं होतं. अशा भत्त्यानं बालविवाहाला उत्तेजन मिळेल.

मला हे सांगताना अवघड वाटलं. कौसा मात्र शांत होती. "बाई बराबर बोलल्या," ती म्हणाली. "मला पोरगी झाली तर मीबी तिचं विसाच्या आत करनार न्हाई. पर माझं तर झालंय. माझं काय करायचं ते त्या बोलल्या का?"

"पुढं ऐका," मेजरसाहेब म्हणाले.

पुढं आमचे खासदार उठले होते. त्यांनी आधी ओव्हरसियरचा कागद वाचला, मग पलटणीचा. सभागृहात हशा, असं कंसात छापलेलं होतं. मग त्यांनी कौसाचं पत्र मराठीतच वाचलं आणि नंतर त्याचा अर्थ सांगितला. 'कामावर घ्यायच्या येळेला मी बायको हाय, भत्ता द्यायच्या येळेला न्हाई. माझा मालक बर्फात हुबा हाय. त्याचं वय देशासाठी मरायला पुरतं, तर बायको ठिवायला कावून पुरत न्हाई?' त्यानंतर वृत्तांतात कंस नव्हता, हशाही नव्हता. खासदारांनी गठ्ठा सभागृहाच्या पटलावर ठेवला आणि विचारलं, हे नगण्य आहेत काय?

मंत्री उठले आणि म्हणाले, बाब सहानुभूतीनं तपासली जाईल.

तो शब्द माझ्या ओळखीचा होता. माझ्या पहिल्या अर्जात मीच तो वापरला होता. मी कौसाला स्पष्ट सांगितलं, "याचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही." ती म्हणाली, "म्हंजी पावसासारखंच." आणि तात्यांना घेऊन गावी गेली.

पण तो हो निघाला. वसंत संपायच्या सुमारास हुकूम आला. आणीबाणीच्या कमिशनवर आलेल्या अधिकाऱ्यांपैकी ज्यांचा विवाह कमिशनच्या आधी झाला आहे, त्यांना वयाची अट न लावता विवाहित समजावे. मेजरसाहेबांनी तो उभं राहून वाचला. मग मला म्हणाले, "वाघमारे, टोपी घालो." मी घातली. त्यांनी मला सॅल्यूट केला. मी कारकून, मला उलट सॅल्यूट कसा करायचा ते येत नव्हतं. मी हात जोडले.

संपूर्ण जय झाला असं मात्र म्हणणार नाही. ज्यांनी कमिशन मिळाल्यावर, पण पंचविशीच्या आत लग्न केलं होतं, त्यांना त्या हुकुमानं काही मिळालं नाही. गेवराईकडची एक बाई बातमी ऐकून आली होती. तिचं लग्न कमिशननंतर फक्त वीस दिवसांनी झालेलं. मी तिला पाणी दिलं, कागद परत दिले. तिनं विचारलं, "वीस दिसांनी काय फरक पडला?" तिचंही लिहून पाठवलं, दोनदा पाठवलं. परत आलं.

कौसाचं लग्न पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून आलं, त्याची प्रत मी स्वतः गावात नेऊन दिली. मागचा भत्ताही तिला मिळाला. पुढे गंगाधरची पलटण बर्फातून उतरून हैदराबादच्या बाजूला आली आणि त्याला कुटुंबाचं क्वार्टर मिळालं. एके दिवशी रजिस्टर टपालानं बायकोसाठी रेल्वेचं वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चानं तिकीट काढायची चिठ्ठी, आलं. ते घेऊन तिकीट कसं काढायचं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मी परळीला तिच्याबरोबर गेलो. तात्याही आले. खिडकीवरच्या बाबूनं वॉरंट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कौसाकडे पाहिलं आणि तिकीट कापलं. पहिल्या वर्गाचं.

सकाळची गाडी होती. कौसानं हिरवं नऊवारी लुगडं नेसलं होतं, हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर पदर. ती डब्याच्या पायरीवर चढली तोच तिकीट तपासनीस धावत आला.

"ए बाई, कुठं चाललीस? हा पहिल्या वर्गाचा डबा आहे. खाली उतर."

मी पुढे होणार होतो. तात्यांनी माझा हात धरला.

"ठाव हाय," कौसा म्हणाली.

"कुण्या साहेबाच्या घरच्या कामाला आहेस का? साहेब कुठं आहेत? कुणाबरोबर आहेस तू?"

"कुनाबरबर न्हाई. माझी मीच हाय," असं म्हणून तिनं तिकीट त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते उलटून पाहिलं. मग यादी काढून नावांवरून बोट फिरवलं, आणि बोट एका ओळीवर थांबलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "मिसेस डोईफोडे, वाइफ ऑफ लेफ्टनंट डोईफोडे."

"व्हय," कौसा म्हणाली. "तीच."

तपासनीसानं टोपी सावरली, तिच्या हातातली पेटी घेतली आणि तो दार धरून उभा राहिला. ती आत गेली, खिडकीशी बसली आणि गाडी हलेपर्यंत एकदाही मागे सरकली नाही.